सरासरीचं सांबार

मैलापूर, मद्रास
वैशाख, गुरुवार
(तारीख ह्यांना विचारली तर ते महिन्याची सरासरी काढून सांगतील, म्हणून विचारली नाही.)

तीर्थस्वरूप सौ. कृष्णवेणी अक्काला धाकट्या विशालाक्षीचा वाकून नमस्कार. रामरायाच्या कृपेनं इकडे सगळी जिवंत आहोत. खुशाल आहोत की नाही ते पत्र वाचून तूच ठरव. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला, की अजून पहाटे उठून अख्ख्या गल्लीला जागं करतात? काळी गाय व्यायली का, आणि व्यायली असली तर खरवस कुणी खाल्ला? (मला ठेवला नसशील हे माहीत आहे, तरी विचारायचं म्हणून विचारलं.) सरोजाचं ठरलं की मोडलं हे तुला सगळ्यांत आधी हवं असणार. ते मी इथे सांगणार नाही. तू लहानपणापासून गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडतेस. ह्या पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे, त्याला तूर्त हात लावू नकोस.

मुलाकडची मंडळी साताऱ्याकडची, इथे येऊन पाच-सहा वर्षं झालीत. मुलगा रंगा, माउंट रोडवरच्या एका कचेरीत नोकरीला. उंच, गप्प, बोलताना चष्म्यातून जमिनीकडे बघणारा. सरोजाकडे मात्र चष्म्यावरून बघत होता, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. त्याची आई सईबाई. बाई मनानं फार चांगली, पण आमचं पिढ्यानपिढ्या मद्रासेत मुरलेलं मराठी ऐकलं की तिला वाटतं, आपण सगळे जुन्या बखरीतून उठून जेवायला आलोय. आणि तिचं भरभर मराठी ऐकलं की आमच्या कामाक्षी अत्तेला वाटतं, ती भांडतेय. (अत्ते म्हणजे ह्यांची थोरली आत्या, माझ्या लग्नात वरातीचा घोडा नापास करणारी.) तरी पत्रिका जुळली, गोत्र जुळलं, सरोजानं तर केसरी शिऱ्याची बशी पुढे करतानाच मान डोलावून टाकली होती. अडलं कुठे म्हणशील, तर सांबारात.

झालं असं, की मुलगी बघायला आलेल्यांना तसंच कसं पाठवायचं म्हणून मी जेवायला ठेवून घेतलं. शेवग्याच्या शेंगांचं सांबार केलं होतं, आईच्या हातचं, तू आणि मी करतो तसं. सईबाईंनी एक घास घेतला आणि मग पदर डोळ्याला लावून दहीभातच खाल्ला. पुढल्या आठवड्यात त्यांनी आम्हांला बोलावलं. पानात आमटी आली. अक्का, खरं सांगते, मी ती शेवटी खायची म्हणून बाजूला सारून ठेवली. मला वाटलं, पायसम आहे. तिच्यात लिंबाएवढा गूळ होता गं! तेवढ्यावरही निभावलं असतं. पण रंगाला लहानपणी टायफॉईड झाला होता, त्यातून तो देवाच्या दारातून परत आलेला, आणि तेव्हापासून सईबाई त्याच्या पोटाला तळहातावर जपतायत. त्यांनी हात जोडून मला सांगितलं, "तुमची पोर गुणाची आहे, पण माझ्या लेकाचं पोट नाजूक. ह्या तिखटावर तो निभायचा कसा?" आणि निरोप आला, की कुंकू लावायच्या आधी दोन्हीकडच्या मंडळींची एक पंगत तुमच्या घरी होऊ द्या, त्याच्या पोटाला काय मानवतं ते बघते, मग बोलणी. सरोजा वीणा घेऊन बसली. तेच एक कर्नाटकी कीर्तन दिवसभर वाजवत राहिली, आणि ज्या जागी तिची बोटं कधी चुकत नाहीत तिथे चुकत राहिली. मला फार वाईट वाटलं.

आता ह्यांच्याकडे येते (म्हणजे तुझ्या मेहुण्यांकडे; नाव मी घेत नाही, पाकिटाच्या मागे राममूर्ती असं त्यांच्याच अक्षरात आहे). आकडेवारीच्या सरकारी कचेरीत जन्म गेला, त्यामुळे घरातल्या कुठल्याही दुःखावर त्यांच्याकडे एकच औषध असतं. मागे कचेरीनं त्यांना इथल्या जवळच्या कोवलमला धाडलं होतं, कोळ्यांच्या एका होडीला सरासरी किती टोपल्या मासळी मिळते ते बघायला. आपल्या घरात अंड्याचं नाव काढत नाहीत, आणि हा गृहस्थ नाकाला उपरणं बांधून किनाऱ्यावर टोपल्या मोजतोय! त्या दिवशी एका होडीला माशांचा मोठा घोळका सापडला आणि बाकीच्या जवळजवळ रिकाम्या आल्या. ह्यांनी सगळ्या टोपल्या मनातल्या मनात एकत्र केल्या, सगळ्या होड्यांना सारख्या वाटल्या, आणि प्रत्येक होडीला भरपूर मासळी मिळते असं लिहून परत आले. मी त्यांना मागच्या अंगणात विहिरीवर न्हायला घातलं तेव्हा कुठे घरात घेतलं. तर असे हे, माझ्या डोळ्यांत पाणी बघून म्हणाले, की दोन्ही पक्षांना मान्य होईल असं सांबार शास्त्रानं काढता येतं. माझं दैव म्हणून मी "सेरि", बरं, म्हटलं.

पंगतीला बोलावलेली सगळी घरं ते फिरले. मैलापूर, तिरुवल्लिक्केणी, अड्यार. उन्हात, छत्री घेऊन, बसमधून. प्रत्येक घरच्या बाईला एकच प्रश्न: दहा माणसांच्या सांबाराला (त्यांच्याकडे आमटीला) मिरच्या किती घालता? आता तू सांग, तू मोजतेस? मीही मोजत नाही. जिला विचारलं तिनं पहिल्यांदा हेच सांगितलं, की हाताला येतात तेवढ्या. हे ऐकून ह्यांचा चेहरा पडे. ते दारातून हलत नसत, कॉफी घेत, परत विचारत, शेवटी ती बिचारी एकदाचे हे जावेत म्हणून काहीतरी आकडा सांगून मोकळी होई. असे बारा घरांतून बारा आकडे आले. साताऱ्याकडच्या सहा घरांचे दोन नाही तर तीन. आपल्या पाच घरांचे चौदापासून अठरापर्यंत. आणि बारावं घर कामाक्षी अत्तेचं. तिनं साठ सांगितले.

साठ ऐकून मी कपाळावर हात मारला. अत्तेनं रामनवमीच्या समाराधनेच्या गावजेवणाचा हंडा धरून सांगितलं होतं. दहा माणसांसाठी तिनं आयुष्यात कधी रांधलंच नाही, तिला दहा माणसं म्हणजे घरात कुणीच नाही असं वाटतं. मी ह्यांना म्हटलं, अहो, तो आकडा वगळा. शास्त्र म्हणून नका वगळू, माणुसकी म्हणून वगळा. तर म्हणाले, बरोबर आहे, असा एक आकडा बाकीच्यांपासून दूर जाऊन बसला की सरासरीला आपल्याकडे ओढून नेतो, कोवलमच्या त्या होडीसारखा. पण थोरल्या आत्याचा आकडा वगळला असं तिच्या कानावर गेलं तर ती लग्नाला येईल का? अक्का, तुला ठाऊकच आहे. त्या बाईला तीस वर्षांत कुणी कशातून वगळलेलं नाही. साठ राहिले.

मग संध्याकाळी कॉफीच्या वेळी मला शिकवणी सुरू झाली. (मी वाटीत चिंच भिजत घालत होते, तरी.) म्हणाले, मधला माणूस काढायचे तीन रस्ते आहेत. पहिली सरासरी: सगळ्यांच्या मिरच्या एका परातीत ओतायच्या आणि बारा घरांना सारख्या वाटायच्या. दुसरा मीडियन: बाराही बायकांना मिरच्यांच्या चढत्या क्रमानं रांगेत उभं करायचं आणि रांगेच्या मधोमध कोण आहे ते बघायचं, त्यात अत्तेनं साठ म्हटलं काय आणि सहाशे म्हटलं काय, ती आपली शेवटीच उभी राहणार. हे मला एकदम पटलं. मी म्हटलं, मग हाच रस्ता धरा, कोण आहे मधोमध? ह्यांनी बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली. मधोमध कुणीच नव्हतं! रांगेत सहाव्या नंबरावर साताऱ्याकडची तीन मिरच्यांची शेवटची बाई, सातव्या नंबरावर आपली चौदावाली पहिली, आणि दोघींच्या मधे एक अख्खी बैलगाडी वळवता येईल एवढी रिकामी जागा. ह्यांच्या हिशेबानं मधल्या जागी साडेआठ मिरच्या येत होत्या, पण साडेआठ मिरच्या घालणारी बाई ह्या मद्रास शहरात त्यांना भेटली नव्हती. म्हणाले, जिथे कुणी राहतच नाही तिथे पंगत कशी वाढायची?

तिसरा मोड. म्हणजे सगळ्यांत जास्त जणींनी जे उत्तर दिलं ते. मी विचारलं, सगळ्यांत जास्त जणींनी काय सांगितलं? त्यांनी वही बघितली, तीन निघाले, पण तीन म्हणजे नुसती त्यांच्याकडची आमटी, म्हणून ते आकडा सांगायला कचरले. मी म्हटलं, मी सांगते, हाताला येतात तेवढ्या, हेच सगळ्याजणी म्हणाल्या. म्हणाले, तो आकडा नाही. मी म्हटलं, नसेना का, उत्तर तर आहे. त्यावर त्यांनी मला शास्त्र काय असतं ते सांगितलं, आणि मी त्यांना चिंचेचा कोळ काढायला लावला. तीस वर्षांच्या संसारात आमची भांडणं अशीच मिटतात.

थोडक्यात, सरासरीच उरली. बारा घरांच्या मिळून मिरच्या झाल्या एकशे सत्तावन्न. बारांनी भागल्यावर आल्या तेरा, आणि वर एका मिरचीचा बारावा हिस्सा. गुळाचंही तसंच: त्यांचा लिंबाएवढा, आपला शून्य (आपल्या बायकांना गुळाचं विचारलं तर दोघींनी तोंड फिरवलं), म्हणून अर्ध्या लिंबाएवढा. मी नाही म्हटलं असतं, पण सरोजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं एवढंच म्हटलं, "अप्पांचं ऐकून बघू की, आई. आपल्या मनानं केलेलं तर एकदा फुकट गेलं." पोरीचा आवाज असा बारीक झाला होता, की मी मिरच्या निवडायला घेतल्या.

पंगतीच्या दिवशी स्वयंपाकाला सुब्बा होता, आपल्याकडे लग्नामुंजीला येतो तोच. तुला आपल्या घरची रीत सांगायला नको: सोवळ्यातला स्वयंपाक, देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी थेंब जिभेवर ठेवायचा नाही. मग चव कळते कशी? वासानं. सुब्बाचं नाक ह्या कामात तयार झालेलं. पण ह्यांनी त्या दिवशी नाकालाही मनाई केली, की वासावर विश्वास ठेवायचा नाही, आकड्यावर ठेवायचा. आकडा दहा माणसांचा, म्हणून मोठा हंडा चढवू दिला नाही, दहा-दहा माणसांची पाच पातेली मांडली. प्रत्येकात तेरा मिरच्या. मग सुब्बानं विळीवर एका मिरचीचे बारा तुकडे केले, पाच पातेल्यांत एकेक टाकला, आणि उरलेले सात केळीच्या पानावर घेऊन ह्यांच्यापुढे उभा राहिला, की स्वामी, ह्यांचं काय करू? ह्यांनी थोडा विचार करून सांगितलं, लग्नाला उपयोगी पडतील. सांबार उकळायला लागलं तेव्हा सुब्बानं एकदा माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं. दोघांनाही वास येत होता. पण नैवेद्य व्हायचा होता, चाखून बघायची सोय नव्हती. मनात म्हटलं, रामराया, आज पहिला घास तुझा आहे, तूच काय ते बघ.

पुरुषांची पंगत बसली. आम्ही बायका दाराआड. पहिला घास गेला. आपली मंडळी अशी बघायला लागली, जणू कुणी रसममध्ये पायसम सांडलंय. साताऱ्याकडच्या मंडळींना उचक्या लागल्या, रंगाच्या काकांनी पाण्याचा तांब्या उचलून सरळ तोंडाला लावला. एकच माणूस जेवत होता. रंगा! भात कालवून, मान खाली घालून, शांतपणे. पान साफ केलं आणि हळूच म्हणाला, "सांबार, अजून." सुब्बाच्या हातातली पळी थांबली. परत वाढलं, परत संपलं, परत मागितलं. अक्का, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हटलं, हा मुलगा आपल्या पोरीसाठी विष गिळतोय, आणि वर मागतोय. माझ्या शेजारी सईबाई दाराची चौकट घट्ट धरून उभ्या होत्या. त्याही लेकाकडेच बघत होत्या, आणि माझ्या मनात जे आलं तेच त्यांच्या मनात आलं असणार, कारण त्या एकदम वळल्या आणि स्वयंपाकघरात शिरल्या.

मी मागोमाग धावले. म्हटलं, संपलं, आता सरळ नाही म्हणणार. सईबाईंनी पळीतून तळहातावर थोडं सांबार घेतलं, चाखलं, आणि तळहात पदराला पुसला. मग मला विचारलं, "विहीणबाई, हे कुणाच्या घरचं हो?"

मी म्हटलं, "कुणाच्याच नाही. सरासरीचं आहे."

आधी त्यांना कळलं नाही. मग मी साठ मिरच्यांपासून सगळं सांगितलं, विळीवरच्या बारा तुकड्यांपर्यंत, आणि ती बाई हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मीही बसले. आम्ही दोघी रडेपर्यंत हसलो, बाहेर मंडळी ताक मागत होती तिकडे लक्षच नाही. त्यांनी मला "विहीणबाई" म्हटलं होतं हे माझ्या ध्यानात नंतर आलं, आणि आलं तेव्हा मी त्यांचा हातच धरला. मग दोघींनी पदर खोचले. उरलेल्या पातेल्यांतलं एक त्यांनी घेतलं, डाळ वाढवली, गूळ घातला. एक मी घेतलं, चिंच आणि आपली सांबारपूड ओतली. कुणी काही मोजलं नाही. बायकांची पंगत दोन्ही सांबारांवर पोटभर जेवली, आणि जेवण झाल्यावर सईबाईंनी सरोजाला कुंकू लावलं. ज्या मुलासाठी माझी पोर वीणा चुकत होती, तो मुलगा तिला मिळाला. (आता ताजा कलम वाचायला हरकत नाही.)

हे मात्र दुसऱ्या दिवशी फार खुशीत होते. मला वाटलं, शरमले असतील. छे! म्हणाले, आकडे मधल्या आकड्यापासून किती दूर दूर विखुरलेले असतात ह्याचंही एक माप असतं, त्याला डेव्हिएशन म्हणतात. मिरच्यांच्या बाबतीत ते भयंकर निघालं होतं, दोनपासून साठपर्यंत पसारा! पण कालच्या सांबाराबद्दल पुरुषांच्या पंगतीतल्या कुणालाही विचारलं तरी सगळे एकच मत देतात. पसारा शून्य. असं एकमत त्यांनी सबंध नोकरीत पाहिलं नाही म्हणे. मी त्यांना अजून एक डबरा, म्हणजे पसरट वाटीभर, कॉफी दिली. बोलून उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर ते उन्हातून बारा घरं फिरले ते पोरीसाठीच फिरले, हे मला कळतं.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, काळ्या गायीला माझ्या नावानं एक मूठ गवत. गुडघ्यांना एरंडेल लावत जा. मी सांगते म्हणून नको, दुखतात म्हणून.

तुझी,
विशालाक्षी

ता. क. खरं काम राहिलंच. लग्न आषाढाच्या आत आहे आणि ह्यांनी आता पंगतीत एका माणसाला सरासरी किती जागा लागते ते काढायला घेतलंय. काल कामाक्षी अत्तेला पाटावर बसवून दोन्ही बाजूंनी फूटपट्टी लावली. ती तेव्हापासून बोलत नाही. तेव्हा कृपा करून भावोजींच्या नावानं एक पत्र धाड, की बागेतल्या माडांना नारळ किती लागतात त्याची सरासरी हवीय, राममूर्तींशिवाय हे कुणाला जमणार नाही, लगेच या. त्यांना लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत तिकडेच ठेवून घे. माड कमी पडले तर शेजाऱ्यांचे दाखव.

ता. क. दुसरा. ह्यांना परत पाठवताना सोबत तुझ्या हातची सांबारपूड दे. किती ते विचारू नकोस, हाताला येईल तेवढी. सईबाईंनाही हवी आहे, कुणाला सांगू नको म्हणाल्या.

ता. क. तिसरा, आणि हा वाचून फाडून टाक. काल सरोजाला म्हटलं, आता शिक गं, सांबाराला मिरच्या किती घालशील? तर म्हणाली, आई, त्या आधी घालायच्या की नंतर? मग हसत हसत तिनं दुसरंही सांगितलं, कुंकवानंतर रंगानंच तिच्या कानावर घातलेलं. रंगा गेली चार वर्षं दुपारी कचेरीजवळच्या उडुपी हॉटेलात जेवतो, सईबाईंना न कळता. तिखट आणि वर जरासा गूळ, असं तिथलं सांबार. दोन वाट्या जास्त मागून घेतो. पोटाला काही होत नाही. त्या दिवशी आपल्या पानात हुबेहूब तेच सांबार आलं, म्हणून त्यानं तीनदा मागितलं. विष कसलं आलंय! म्हणजे बघ, ज्याच्या पोटासाठी हे बारा घरं फिरले, त्या एकट्यालाच विचारायचं राहिलं होतं. आणि उत्तर आलं ते नेमकं त्याच्यापुरतं बरोबर आलं. अक्का, तुला गळ्याची शपथ, हे ह्यांना कळता कामा नये.